कांचेवरचा साक्षी

संसारांत ज्या वस्तु घरीं येतात त्यांचे ढोबळ मानानें दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गांतील वस्तु रोज वापरांत असतात व त्यामुळें त्यांची परीक्षाही रोज होते. पोळपाट डुगडुगत असेल तर पहिल्या पोळीलाच कळतें. छत्रीची काडी मोडकी असेल तर मृगाच्या पहिल्या सरींतच तिचें बिंग फुटतें. दुसऱ्या वर्गांतील वस्तु वर्षानुवर्षें लागत नाहींत. विम्याचा कागद, जिन्याखालची शिडी, देवघराजवळ ठेवलेली विजेरी यांची आठवण ज्या क्षणीं होते, त्या क्षणीं बाजारांत जाऊन दुसरी आणण्यास सवड नसते. म्हणून अशा वस्तूंची पारख विकत घेण्यापूर्वींच करावी लागते. मोटारींत बसवावयाचा डॅशकॅम ही या दुसऱ्या वर्गांतील वस्तु आहे. गेल्या वर्षीं आमच्या घरीं तिचा प्रवेश झाला. त्या निमित्तानें घरांत जो विचार झाला, तो ज्यांच्या दारांत मोटार आहे पण खिशाला फार ताण देण्याची इच्छा नाहीं, अशा वाचकांस उपयोगी पडेल असें वाटून येथें लिहीत आहों.

डॅशकॅम म्हणजे समोरच्या कांचेला आंतून चिकटवावयाचा, मुठीएवढा किंवा त्याहूनही लहान कॅमेरा. गाडी सुरू झाली कीं तो आपोआप जागा होतो आणि समोरील रस्त्याचें चित्रण करीत राहतो. गाडी बंद झाली कीं तोही थांबतो. १५ फेब्रुवारी २०१३ रोजीं सकाळीं रशियांतील चेल्याबिन्स्क शहराच्या आकाशांत एक मोठी उल्का फुटली. तिचीं जीं चित्रें साऱ्या जगानें पाहिलीं, त्यांतील पुष्कळशीं अशाच कॅमेऱ्यांनीं टिपलेलीं होतीं. तेथील मोटारवाल्यांनीं ते कांहीं उल्का पाहण्यासाठीं लावले नव्हते. अपघातानंतरच्या भांडणांत आपली बाजू दाखवितां यावी म्हणून लावले होते. आमच्याकडेही कारण तेंच घडलें.

आमचें घर साताऱ्यास. एका छपराखालीं आम्ही, आमचे धाकटे बंधु, दोघांचीं कुटुंबें, चिरंजीव, सूनबाई, पुतण्या आणि सात वर्षांची नात. मोटार मात्र सर्वांत मिळून एक. मार्गशीर्षांतील एका संध्याकाळीं चिरंजीव पुण्याहून परत येत होते. मागल्या बाजूस नात झोंपली होती. महामार्ग सोडून गांवांत शिरतांना फाट्यावर एक दुचाकी उलट्या दिशेनें आली आणि गाडीच्या डाव्या कोपऱ्याला घासून पडली. स्वाराच्या गुडघ्याला खरचटलें. पांच मिनिटांत तीस माणसें जमलीं. आपल्याकडे रस्त्यावरचा अलिखित न्याय असा आहे कीं दोन वाहनांत जें मोठें तें दोषी. चिरंजिवांनीं त्या मुलास डॉक्टरांकडे नेऊन मलमपट्टी करविली. तें योग्यच झालें. पुढें गर्दीच्या दडपणाखालीं पांच हजार रुपयेही द्यावे लागले. त्या रुपयांचें दुःख घरांत कोणीं केलें नाहीं. परंतु जमावांतील एकानें मोठ्यानें म्हटलें होतें कीं, हा गृहस्थ फोनवर बोलत गाडी हांकीत होता.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं दूध पितां पितां नातीनें विचारलें, "बाबा, तुम्ही खरंच फोनवर बोलत होता का?"

चिरंजीव म्हणाले, "नाही गं."

"मग ते काका तसं का म्हणाले?"

या प्रश्नाला त्यांजवळ उत्तर नव्हतें. मुलीचा विश्वास उडाला असें नव्हे. पण आपल्या शब्दाखेरीज दाखवावयास आपणाजवळ कांहीं नाहीं, ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली. कॅमेरा घ्यावयाचा हें त्याच दिवशीं ठरलें.

आमचे बंधु बँकेंतून निवृत्त झालेले. त्यांनीं कार्ड, बसवणावळ सर्व धरून सहा हजारांची मर्यादा घातली. पुतण्या इंजिनियरिंगला आहे; त्यानें फोनवर चाळीसएक नमुने काढून दाखविले. प्रत्येकाच्या अंगावर इतके गुण चिकटविलेले होते कीं वधूवरांच्या जाहिराती त्यांपुढें फिक्या पडाव्या. अखेर तो म्हणाला, "थोरले काका, यांतलं काय हवं नि काय नको, एवढं तुम्ही ठरवा, बाकीचं मी शोधतो." आमचा पिंड संस्कृताचा. यंत्राचें ज्ञान बेताचें. पण शब्दाचा अर्थ लावून वस्तूकडे जाण्याची संवय जुनी. पाणिनीनें 'साक्षी' हा शब्द प्रत्यक्ष पाहणारा या अर्थीं सिद्ध केला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत लिखित, भुक्ति आणि साक्षी अशीं तीन प्रमाणें सांगितलीं आहेत. मग आम्हीं असें धरलें कीं आपण कॅमेरा घेत नसून साक्षीदार ठेवीत आहों. चांगल्या साक्षीदारांत जे गुण पाहावयाचे तेच यांतही पाहावे आणि बाकीचे अलंकार दुकानांतच राहूं द्यावे.

पहिला गुण दृष्टि. दुकानदार प्रथम चित्रांतील ठिपक्यांची संख्या सांगतो. १०८० या नांवानें जें चित्र ओळखलें जातें, त्यांत आडवे १९२० व उभे १०८० ठिपके असतात, गुणाकार २०,७३,६००. ४के म्हणून जें विकतात त्यांत ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४००, बरोबर चौपट. मधला प्रकार २५६० गुणिले १४४० ठिपक्यांचा. तो पहिल्याच्या पावणेदोनपटींहून किंचित् अधिक भरतो. दिवसां ठिपके जितके अधिक तितका पुढच्या गाडीचा क्रमांक दुरून वाचतां येतो, हें खरें. रात्रीं मात्र हा हिशेब उलटतो. तेवढ्याच आकाराच्या सेन्सरवर ठिपके चौपट केले तर प्रत्येकाच्या वांट्यास प्रकाश चतुर्थांशच येतो. म्हणून रात्रींच्या दृष्टीसाठीं सेन्सरची जात पाहावी. सोनी कंपनीचे स्टारव्हिस जातीचे सेन्सर मंद प्रकाशासाठींच केलेले असतात आणि ते बेताच्या किंमतीच्या कांहीं कॅमेऱ्यांतही मिळतात. कित्येक स्वस्त कॅमेऱ्यांवर ४के असें लिहिलेलें असतें, पण आंतील सेन्सर तेवढ्या ठिपक्यांचा नसतो. लहान चित्र ताणून मोठें केलेलें असतें. विरजणांत पाणी घालून तें शेरभर केल्यासारखाच हा प्रकार. खोक्यावरील आंकडा न वाचतां त्या नमुन्याचें रात्रींचें खरें चित्रण मागावें व तें फोनवर न पाहतां मोठ्या पडद्यावर पाहावें.

आमच्या भागांत रात्रींची परीक्षा म्हणजे उसाच्या ट्रॉल्या. गळिताचा हंगाम सुरू झाला कीं एका ट्रॅक्टरमागें दोन दोन ट्रॉल्या, वर ऊस हवा तसा बाहेर आलेला, मागें दिवा नाहीं, अशीं वाहनें अंधारांत चाललेलीं असतात. पुतण्यानें दोन मित्रांच्या गाड्यांतील चित्रण आणून दाखविलें. एकांत ट्रॉली अगदीं जवळ येईपर्यंत काळोखच होता. दुसऱ्यांत ती पुष्कळ आधीं ओळखूं येत होती. गंमत अशी कीं दुसरा कॅमेरा ठिपक्यांनीं कमी होता.

अपेक्षाही बेतानें ठेवावी. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत १६ पूर्णांक दोन तृतीयांश मीटर जाते. कॅमेरा सेकंदास ३० चित्रें घेतो. म्हणजे एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत गाडी सुमारें ५५ सेंटिमीटर सरकलेली असते. समोरून तितक्याच वेगानें वाहन येत असेल तर दोघांतील अंतर एका मीटरहून अधिक तुटतें. त्यांत रात्र आणि डोळे दिपविणारे दिवे! अशा वेळीं समोरच्याचा क्रमांक वाचतां येईलच असें महागड्या कॅमेऱ्याबद्दलही सांगवत नाहीं. कोण कोणत्या बाजूनें आलें, सिग्नल कोणता होता, आपण आपल्या पट्ट्यांत होतों कीं नाहीं, एवढें स्पष्ट दिसलें म्हणजे साक्षीचें काम झालें. दृष्टीचा कोन १३० ते १४० अंशांचा असावा. १७० अंश हा आंकडा भारदस्त वाटतो. पण तेवढें रुंद पाहिलें कीं समोरची वस्तु त्या मानानें बारीक दिसते.

दुसरा गुण देहाचा कांटकपणा. वैशाखांतल्या दुपारीं उन्हांत उभ्या असलेल्या बंद मोटारीची समोरची कांच हें साऱ्या गाडींतील भट्टीचें ठिकाण, आणि या बिचाऱ्याला चिकटून राहावयाचें तेथेंच. ज्या कॅमेऱ्यांत लिथियमची बॅटरी असते ती अशा उष्णतेनें लवकर निकामी होते, कित्येकदां फुगतेही. तिच्याऐवजीं सुपरकपॅसिटर असलेले कॅमेरे मिळतात. कपॅसिटर फार वीज सांठवीत नाहीं. गाडी बंद झाल्यावर किंवा धक्क्यानें तार निघाल्यावर शेवटची नोंद नीट मिटवून ठेवण्यापुरतीच ती असते. पण उन्हाला तो टिकतो. आपल्या हवामानांत हा गुण ४के पेक्षां अधिक मोलाचा आहे असें आमचें स्पष्ट मत आहे, आणि जाहिरातींत तो बहुधा तळाशीं बारीक अक्षरांत सांपडतो.

तिसरा गुण स्मृति. हा कॅमेरा सर्व जन्माचें लक्षांत ठेवीत नाहीं. तो एक ते तीन मिनिटांचे तुकडे लिहीत जातो आणि कार्ड भरलें कीं सर्वांत जुना तुकडा पुसून त्या जागीं नवा लिहितो. किती काळ आठवणींत राहील याचें गणित सोपें आहे. १०८० च्या चित्रास सेकंदाला सुमारें १५ मेगाबिट लागतात असें धरा. आठांनीं भागून ३६०० नीं गुणिलें कीं तासास ६,७५० मेगाबाइट, म्हणजे पावणेसात जीबी होतात. ६४ जीबीच्या कार्डावर सुमारें नऊ तास बसतात. आमच्या सूनबाई कऱ्हाडला महाविद्यालयांत शिकवितात. त्यांचें रोजचें जाणें-येणें दोन तासांहून अधिक. म्हणजे सोमवारचें चित्रण शुक्रवारीं मागावयास जाल तर तें गेलेलें असेल. धक्का बसला कीं त्या वेळचा तुकडा न पुसण्यासाठीं कुलूपबंद करण्याची सोय या यंत्रांत असते. परंतु ती फार हळवी ठेवली तर आपल्या रस्त्यांवरील प्रत्येक खड्डा हा अपघात ठरतो, आणि कुलूपबंद तुकड्यांनींच कार्ड भरून जातें. ती सोय 'कमी' या खुणेवर ठेवावी.

कार्ड बहुधा कॅमेऱ्याबरोबर येत नाहीं, हेंही ध्यानांत असूं द्यावें. अहोरात्र लिहिण्या-पुसण्यासाठीं जीं टिकाऊ कार्डें निराळीं करतात तींच घ्यावीं. त्यांवर 'हाय एंड्युरन्स' असें छापलेलें असतें. फोनमधलें जुनें कार्ड घालून काटकसर करणारे गृहस्थ आम्हांस ठाऊक आहेत. असें कार्ड कांहीं महिन्यांत मुकाट्यानें लिहिणें बंद करतें आणि तें कळतें तें नेमकें पाहिजे त्या दिवशीं. नकली कार्डांचा बाजारांत सुळसुळाट आहे. ओळखीच्या दुकानांतून, पावती घेऊन घ्यावें. महिन्यांतून एकदां तें कॅमेऱ्यांतच साफ करावें, म्हणजे 'फॉरमॅट' करावें.

चौथा गुण कालज्ञान. तारीख-वार चुकीचा सांगणाऱ्या साक्षीदारावर कोण विश्वास ठेवील? बेताच्या किंमतीच्या कॅमेऱ्यांचें घड्याळ मागें-पुढें होतें. कांहींचें तर वीज पार संपली कीं पहिल्या दिवसावर जाऊन बसतें. उपग्रहांवरून वेळ घेणारे, म्हणजे जीपीएस असलेले, नमुने थोडे महाग पडतात. तें नसेल तर फोनशीं जोडून वेळ जुळवितां येते. महिन्याच्या पहिल्या रविवारीं कार्ड साफ करतांना घड्याळही पाहावें. दोन्ही मिळून पांच मिनिटांचें काम.

अलंकारांविषयीं थोडक्यांत सांगतों. पट्टा सोडला कीं टुणटुण वाजणारी सूचना जेथें पट्टेच पुसले आहेत तेथें निव्वळ कटकट होते. तोंडानें हुकूम ऐकणारा कॅमेरा गंमतीपुरता ठीक. मोठ्या पडद्याचीही गरज नाहीं. चालकाचें लक्ष त्यावर जाणें हाच धोका. गाडी उभी असतांनाही पहारा करणारी सोय उपयोगी आहे खरी, पण तिच्यासाठीं फ्यूजच्या पेटींतून कायमची वीज घ्यावी लागते आणि गाडीची बॅटरी ठराविक पातळीखालीं उतरली कीं पुरवठा तोडणारें साधनही बसवावें लागतें. नाहींतर सकाळीं गाडी सुरूच होत नाहीं. आमची गाडी रात्रीं वाड्यांत असते, म्हणून तो खर्च आम्हीं टाळला. पैसे उरत असतील तर ते मागच्या कांचेवरील दुसऱ्या कॅमेऱ्यास द्यावे. गर्दींत मागून धडकणारेच पुष्कळ.

बसविण्याचेंही शास्त्र आहे. जागा आरशाच्या मागें, चालकाच्या दृष्टीआड. पण वायपर फिरतो त्याच पट्ट्यांत असावी, नाहींतर पावसाळ्यांत या साक्षीदाराला चार महिने मोतीबिंदु. तार छताच्या अस्तरांत खोंचून कडेनें खालीं आणावी व चार्जिंगच्या सॉकेटांत लावावी. कडेच्या खांबांत हवेची पिशवी असेल तर तार तिच्या आडवी जातां कामा नये. हें दुकानदारास बजावून सांगावें. मूळ तारा कापूं देऊं नयेत. पुढें हमीच्या वेळीं वाद उपस्थित होतात.

आतां या साक्षीचें न्यायांत मोल काय, तें पाहूं. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत २००० सालीं इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठीं ६५ ब हें कलम घालण्यांत आलें. जालन्याच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यांत २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, अशा नोंदीची नक्कल हजर करावयाची तर तिच्यासोबत त्या कलमाप्रमाणें प्रमाणपत्र हवें. मूळ साधनच मालकानें स्वतः येऊन हजर केलें तर तें लागत नाहीं. १ जुलै २०२४ पासून त्या जुन्या कायद्याच्या जागीं भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ आला आहे आणि ही तरतूद आतां त्याच्या ६३ व्या कलमांत आहे. गृहस्थानें यांतून घ्यावयाचा बोध एवढाच कीं मूळ कार्ड जपावें. व्हॉट्सॲपवरून दहा जणांस पाठविलेलें चित्रण आकसलेलें असतें व तें मूळही नसतें.

अर्थात् अपघात झाला तर कार्ड ही पहिली गोष्ट नव्हे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमाप्रमाणें जखमीस वैद्यकीय मदत मिळवून देणें हें चालकाचें कर्तव्य आहे. पोलीस तेथें नसतील तर जवळच्या ठाण्यावर शक्य तितक्या लवकर, आणि काहींही झालें तरी चोवीस तासांच्या आंत, वर्दी द्यावी लागते. तेव्हां आधीं माणूस, मग ११२ हा क्रमांक, मग कॅमेरा बंद करून कार्ड काढणें. २०१९ च्या दुरुस्तीनें परक्या जखमीस मदत करणाऱ्यासही कायद्याचें संरक्षण मिळालें आहे. हें पुष्कळांस ठाऊक नसतें म्हणून सांगितलें.

साक्षीदार ठेवला म्हणजे तो आपल्याच बाजूनें बोलेल असें मात्र नाहीं. बंधूंनीं चिरंजिवांस विचारलें, "आणि चूक आपलीच असली तर?" चिरंजीव म्हणाले, "तर तेही दिसेल. दिसू दे." हें उत्तर ज्याला देववत नाहीं त्यानें हा कॅमेरा लावूं नये. आपणांस अडचणीचें चित्रण पुसून टाकणें हें केवळ नीतीला सोडून नाहीं. पुरावा नाहींसा करणें हा कायद्यानेंही गुन्हा आहे.

इतकें सर्व जुळलें आणि मग खरा वाद उभा राहिला. बंधूंचें म्हणणें असें कीं, चिरंजिवांवर जो आळ आला तो फोनचा. समोर पाहणारा कॅमेरा गाडीच्या आंतलें दाखवीत नाहीं. तेव्हां टॅक्सीवाले लावतात तसा आंत पाहणाराही कॅमेरा असलेला नमुना घ्यावा व त्याचा मायक्रोफोनही चालू ठेवावा. हजार-बाराशेंचा फरक. तर्काला हें धरूनच होतें. मग सूनबाई बोलल्या. एरव्हीं त्या अशा चर्चेंत फारशा पडत नाहींत.

त्या म्हणाल्या, "बाबा, रस्त्याकडे बघणाऱ्या कॅमेऱ्याला माझी काही हरकत नाही. पण मी वाटेत कुणाला गाडीत घेतलं, आईशी फोन जोडून काय बोलले, कुठं दहा मिनिटं थांबले, हे घरात कुणालाही बघता-ऐकता येणार असेल, तर मी एसटीनंच जाईन."

बैठकींत शांतता पसरली. बंधु म्हणाले, "अगं, आपल्या घरात कोण बघतंय?" त्यावर आमचें कुटुंब, जें इतका वेळ शेंगा सोलीत बसलें होतें, वर न पाहतां म्हणालें, "सासूबाई सांगायच्या, त्यांच्या वेळी माहेरचं कार्ड आधी ओटीवर वाचलं जायचं नि मग माजघरात यायचं. वाचणारेही घरचेच होते."

या वाक्यानें निकाल लागला. २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं पुट्टस्वामी खटल्यांत खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचें सांगितलें. जर्मनींतील वरिष्ठ न्यायालयानें २०१८ सालीं अपघाताच्या दाव्यांत डॅशकॅमचें चित्रण पाहण्यास मोकळीक दिली. पण कारणावांचून सतत चित्रण करीत राहणें तेथील कायद्याला धरून नाहीं, हेंही त्याच निकालांत सांगितलें. न्यायालयें आपलें काम करतील. पण सासरा आणि सून यांच्यामधील ओटी-माजघराची रेघ न्यायालयाला काढतां येत नाहीं. ती घरानेंच काढावयाची असते.

आमच्या मनांत त्या रात्रीं न्यायशास्त्रांतील प्रमाणांची मांडणी घोळत राहिली. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यांतील शब्द म्हणजे आप्ताचें वचन. ज्याच्या सत्यनिष्ठेविषयीं खात्री आहे त्याचें बोलणें. रस्त्यावर आपण कोणाचेच आप्त नसतों. तेथें जमलेल्या तीस माणसांस चिरंजिवांचा शब्द मानण्याचें कांहीं कारण नव्हतें. म्हणून तेथें प्रत्यक्ष दाखविणारा साक्षीदार हवा. घरांत तसें नाहीं. घर उभें राहतें तेंच आप्तवचनावर. "मी फोनवर बोलत नव्हतो" हें बापाचें वाक्य मुलीला पुरलें पाहिजे, आणि "मला उशीर झाला" हें सुनेचें वाक्य सासरच्या माणसांना पुरलें पाहिजे. तेथेंही चित्रण मागूं लागलों तर साक्षीदार आणि हेर यांत फरक उरत नाहीं; आणि एकदां चित्रण मागावयाची संवय लागली कीं शब्दाची किंमत जाते, ती कोणत्याही दुकानांत परत मिळत नाहीं. आंतला कॅमेरा नसल्यामुळें उद्यां एखाद्या आरोपाला उत्तर देतां येणार नाहीं, हें आम्ही जाणतों. तो तोटा पत्करून आम्हीं तो नको म्हटलें. बंधूंनींही तें मानलें. मात्र "माझी असहमती नोंदवून ठेवा" असें बँकेच्या भाषेंत बजावलें.

मग चार नियम ठरले. मायक्रोफोन बंद राहील. रस्त्यांत एखादा क्रमांक टिपणें झालें तर डॅशबोर्डच्या कप्प्यांत वही व पेन्सिल ठेवली आहे. अपघात किंवा तक्रार झाल्याखेरीज कार्ड कोणीं पाहावयाचें नाहीं. पाहावयाचें झालें तर त्या वेळीं जो गाडी चालवीत होता त्याच्या समक्षच. कॅमेऱ्याचें ॲप चिरंजीव व सूनबाई या दोघांच्याच फोनवर असेल, आणि कारखान्यांतून आलेला एकाखालीं एक आंकड्यांचा सोपा पासवर्ड पहिल्याच दिवशीं बदलावयाचा. मासिक सफाईचें काम सूनबाईंनीं आपणहून घेतलें.

शेवटीं जो कॅमेरा आला तो १४४० चा, कपॅसिटरवाला, स्टारव्हिस सेन्सरचा, समोर पाहणारा. किंमत चार हजार दोनशें, ६४ जीबीचें टिकाऊ कार्ड एक हजार, बसवणावळ चारशें. बंधूंच्या मर्यादेंतून चारशें रुपये उरले. चैत्र-वैशाख त्यानें सोसले, पावसाळाही सोसला. साक्ष देण्याचा प्रसंग अद्याप आलेला नाहीं, आणि तो न येवो अशीच इच्छा.

ज्यांना हीच खरेदी करावयाची आहे त्यांनीं दुकानांत चार प्रश्न विचारावे: आंत बॅटरी आहे कीं कपॅसिटर, सेन्सर कोणता, रात्रींचें चित्रण दाखवितां का, आणि घड्याळ कशावरून चालतें. पांचवा प्रश्न दुकानदारास विचारावयाचा नाहीं. तें चित्रण कोणीं व केव्हां पाहावयाचें, हा प्रश्न घरीं सर्वांना बसवून, गाडी जास्तींत जास्त जो चालवितो त्यास प्रथम बोलूं देऊन, कॅमेरा आणण्यापूर्वींच सोडवावा.